शेहेचाळीस मोजताना

इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत मी ‘लॅबवाल्या गायधनीबाई’. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून कोणी ना कोणी साखरेचा रिपोर्ट घेऊन दारात उभं राहतं. मी चष्मा लावते, कागद वाचते आणि सांगते, की यातलं मला तुमच्याइतकंच कळतं. त्यांना वाटतं, बाई टाळताहेत. वास्तविक सगळी नोकरी लॅबमध्ये गेली, पण लघवी, साखर, कोलेस्टेरॉल यांना मी कधी हात लावला नाही. मी क्रोमोसोम मोजले. नव्वदच्या दशकात सुरुवात केली तेव्हा नाशकात हे काम करणारे आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हतो.

काम काय ते आधी सांगते, कारण माझ्या नवऱ्यालाही ते लग्नानंतर पंधरा वर्षांनी कळलं.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए असतो. एरवी तो सुताच्या गुंत्यासारखा पसरलेला असतो, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर नुसता डाग दिसतो. पेशीला दुभागायचं असलं, की ती आधी या सगळ्या सुताची हुबेहूब दुसरी प्रत तयार करते आणि मग ते गुंडाळून त्याच्या शेहेचाळीस कांड्या करते, त्यांनाच क्रोमोसोम म्हणतात. म्हणजे वाटणी करताना काही सांडत नाही. या कांड्या तेवढ्याच वेळापुरत्या दिसतात. आमची सगळी कारागिरी तो क्षण पकडण्याची. नळीतून आलेल्या पेशी आम्ही उबेत ठेवायचो, त्या दुभागायला लागल्या की एका औषधाचे थेंब घालून त्यांना अर्ध्या वाटेवर थांबवायचो, मग मिठाच्या पातळ पाण्यात फुगवायचो आणि हात उंच धरून वरून थंड काचेवर एक थेंब सोडायचो. थेंब आपटला की पेशी फुटते आणि कांड्या पसरतात. रंग दिला की प्रत्येकीवर आडवे पट्टे उमटतात. मग फोटो काढायचा, अंधाऱ्या खोलीत धुवायचा, आणि कात्रीने एकेक क्रोमोसोम कापून जोडीजोडीने कार्डावर चिकटवायचा. बावीस जोड्या सगळ्यांच्या सारख्या. तेविसावी जोडी बाईची असेल तर दोन एक्स, पुरुषाची असेल तर एक एक्स आणि शेजारी आखूडसा वाय. एका रुग्णाच्या अशा वीस पेशी मोजायच्या.

नाशिकच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी, की थेंब पसरायच्या आत वाळून जायचा. मग मी काच किटलीच्या वाफेवर धरायची. नवा माणूस दारातून डोकावला की त्याला वाटायचं, चहा होतोय.

आमच्याकडे रुग्ण क्वचित यायचे, त्यांच्या नळ्या यायच्या. रिपोर्टला मात्र नातेवाईक येत आणि त्यांचे प्रश्न पुस्तकात नसत. शहराजवळच्या मळ्यात फुलं पिकवणारे एक आजोबा नातवाचा रिपोर्ट घ्यायला आले होते. बाळाच्या पेशींत एकविसावे क्रोमोसोम दोनऐवजी तीन होते, म्हणजे डाउन सिंड्रोम. डॉक्टरांनी नीट समजावल्यावर ते बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "बाई, कमी असता तर समजलो असतो. एक जास्त हाय म्हणता, मंग त्यात वाईट काय?"

पण मला सांगायचंय ते नामदेव आणि शकुंतला या भावंडांबद्दल. त्यात माझी चूक आहे आणि ती मी आजवर लिहून काढलेली नाही.

नामदेव येवल्याचा, पैठणी विणणारा. वय चौतीस-पस्तीस. त्याची पहिली नळी आली तेव्हा माझ्या लेखी तो केवळ एक नंबर होता. कमरेच्या हाडातून काढलेला मगज, म्हणजे अस्थिमज्जा. बरोबरच्या फॉर्मवर लिहिलेलं, की पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्यात, प्लीहा सुजलीय. वीस पेशी मोजल्या. विसाच्या वीस पेशींत बावीस नंबरचा एक क्रोमोसोम आखूड होता. त्याचा तुकडा तुटून नवव्याला जोडला गेला होता आणि नवव्याचा याला. हा एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचा शिक्का. रक्त तयार करणाऱ्या ज्या मूळपेशी हाडात असतात, त्यांच्यातल्या एखादीत ही अदलाबदल होते. मग ती दुभागते, डीएनएचा मजकूर चुकीसकट उतरवला जातो, आणि पुढच्या सगळ्या पेशी तीच चूक घेऊन जन्मतात. मी कार्ड चिकटवलं, आमचे डॉक्टर बर्वे यांनी सही केली, रिपोर्ट गेला. त्या काळी या रोगाला आजच्यासारखी गोळी नव्हती. कार्ड फाइलला लावताना मी माणसाचं वय वाचायचं टाळत असे.

वर्षाहून जास्त काळ गेला. एक दिवस त्याच नावाची, त्याच गावाची नळी पुन्हा आली. फॉर्मवर रोगाचं नाव आणि पुढे ‘पुनर्तपासणी’ एवढंच. मी काच लावली. पहिली पेशी पाहिली, दुसरी पाहिली. आखूड बावीस कुठेच नाही, पण वायही नाही. विसाच्या वीस पेशींत दोन एक्स.

बाईच्या पेशी.

त्या आठवड्यात डॉक्टर बर्वे बाहेरगावी होते. मी जुनं कार्ड काढून ताडून पाहिलं. तिथे स्वच्छ वाय होता. माझ्या मते एकच अर्थ निघत होता: हॉस्पिटलात नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. मी मनात त्यांना चार शब्द सुनावले आणि जरा सुखावलेही, कारण चूक मी पकडली होती.

दुसऱ्या दिवशी नामदेवची बायको अलका रिपोर्टला आली. बारीक चणीची, खांद्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेली. बाहेरच्या बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. मी खिडकीतूनच म्हणाले, "हे सँपल तुमच्या मिस्टरांचं नाही. हे बाईचं आहे."

"बाईचं?"

"हो. दुसऱ्या कोणाचं तरी आलंय. पुन्हा काढून पाठवायला सांगा."

"पर म्या सोता नळी घिऊन आले ना मॅडम. त्येंच्या हाडातनं काढली तवा म्या तिथंच उभी होते. नावबी माझ्यासमोर लिवलं."

"मग लॅबला काय स्वप्न पडलं का? बाईचंच आहे ते," मी म्हणाले.

बाकावर कोणीतरी हसलं. अलका तशीच खिडकीपाशी थोडा वेळ उभी राहिली. तिला आणखी काही विचारायचं होतं, हे मला दिसत होतं. मी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

आठवड्याने नळी आली. पुन्हा वीस पेशी, पुन्हा दोन एक्स. आता मात्र चिठ्ठ्यांवर ढकलता येईना. हाडातून मगज काढणं म्हणजे बोटाला सुई टोचणं नव्हे. जाड सुई कमरेच्या हाडात फिरवत घालतात, माणूस दात आवळून पडून राहतो. ते मी त्या माणसाला दुसऱ्यांदा सोसायला लावलं होतं.

डॉक्टर बर्वे परतले होते. त्यांनी काच पाहिली, दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि विचारलं, "याचं ट्रान्सप्लांट झालंय का?"

"फॉर्मवर तसं काही नाही."

त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. दोन मिनिटं नुसतं ‘हं, हं’ केलं. फोन ठेवून म्हणाले, "सात महिन्यांपूर्वी मुंबईला अस्थिमज्जा रोपण झालंय. मज्जा बहिणीची." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "गायधनीबाई, बसा जरा. चहा मागवतो."

रोपण म्हणजे काय, हे मी वाचलेलं होतं. रुग्णाची स्वतःची रोगट मज्जा औषधांनी पुरती जाळतात आणि जुळणाऱ्या भावंडाची मज्जा शिरेतून सोडतात. ती रक्तातून वाट काढत रिकाम्या हाडांत जाऊन बसते आणि तिथे नवं रक्त तयार करू लागते. एवढं वाचूनही प्रत्यक्ष काच समोर आल्यावर मला ते सुचलं नाही. आमच्या लॅबमध्ये तसा रुग्ण त्याआधी कधी आलाच नव्हता. अलकाला एक प्रश्न विचारला असता तर तिनेच सांगितलं असतं.

म्हणजे तो रिपोर्ट मी पाहिलेल्या सगळ्यांत चांगल्या रिपोर्टांपैकी एक होता. रोगाची एकही पेशी शिल्लक नव्हती. मी सुवाच्य अक्षरात तो लिहिला. न्यायला कोणी आलं नाही. दोन आठवडे झाले, तीन झाले. हॉस्पिटलात चौकशी केली तर कळलं, की नामदेव तपासणीलाही येत नाही. शेजारच्या दुकानाचा फोन नंबर होता, तिथे निरोप ठेवला तर उत्तर नाही.

शनिवारी मी रजा टाकली आणि येवल्याची एसटी धरली.

घर विचारत गेले. पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग, त्यावर अर्धवट विणलेला मोरांचा पदर, वर पांढरं फडकं झाकलेलं. नामदेव मागच्या दाराशी जमिनीवर बसला होता. डोक्यावर विरळ केस, चेहरा गुळगुळीत. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. मी कोण ते सांगितल्यावर अलका आत निघून गेली. नामदेवने मात्र मला बसायला पोतं सरकवलं.

"रिपोर्ट चांगला आलाय भाऊ," मी म्हणाले. "आणायला कोणी आलं नाही म्हणून मीच आले."

"बाईचा आलाय ना?"

तोच पुढे बोलू लागला. त्या दिवशी बाकावर त्याच्याच गल्लीतला एक जण बसला होता. अलका घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. चहाच्या टपरीवर लोक त्याला ‘नामदेवबाई’ म्हणू लागले. थट्टा त्याने सोसली असती. पण उपचारानंतर गेलेल्या मिशा परत आल्या नव्हत्या, कातडी मऊ पडली होती, आवाज बसला होता. तो रोज आरशात पाहत होता आणि त्याला ते खरं वाटू लागलं होतं.

"त्या गोळ्यांनीच व्हतंय म्हणून मी त्या बंद केल्या," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"व्हतील तीन आठवडं."

मी त्याचे हात पाहिले. तळव्यांवर लाल पुरळ उठलं होतं. त्या गोळ्या नव्या रक्ताला आवरून धरणाऱ्या होत्या. बहिणीच्या पेशी भावाच्या शरीरात नव्याने आलेल्या. त्यांना ते शरीर परकं वाटलं तर त्या त्याच्याच कातडीवर, यकृतावर, आतड्यांवर तुटून पडतात. त्याची सुरुवात अशीच होते. मी त्याला हे सांगितलं. रक्त बदललं तरी बाकी माणूस तोच राहतो, मिशा येतील, वेळ लागेल, हेही सांगितलं. तो सगळं ऐकून घेत होता.

"मॅडम, तुमी म्हणता बाकी मी तोच. त्या दिवशी तुमीच म्हटल्या बाई हाय. आता म्या कोणतं खरं धरू?"

मी निघाले. अलकाने दारापर्यंत येऊन खालच्या आवाजात विचारलं, "आक्काला सांगू का?" आक्का म्हणजे त्याची बहीण शकुंतला, विंचूरला दिलेली. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. नामदेवने घरच्यांना शपथ घातली होती.

"मला शपथ घातलेली नाही," मी म्हणाले.

परतीची एसटी विंचूरवरून जाते. मी तिथे उतरले. शकुंतला पत्र्याच्या शेडमध्ये कांदा निवडत होती. नामदेवपेक्षा चार वर्षांनी मोठी, उंच, खणखणीत आवाजाची. मी बोलत होते तोवर तिचे हात चालूच होते. ‘गोळ्या बंद केल्यात’ म्हटल्यावर थांबले.

"आन् ह्ये मला आज कळतंय?" ती म्हणाली. तिने पदराला हात पुसले आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलीला हाक मारली, "वैशे, आजीला सांग मी येवल्याला गेले. भाकरी टोपलीत हाय."

रस्त्यावर एसटीची वाट पाहताना तिने मला मुंबईची हकिकत सांगितली. तिची मज्जा जुळते हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, की हाडाचा मगज दिलेली बाई पुन्हा पाण्याचा हंडा उचलायची नाही. "म्या म्हटलं, चार भावंडांत मी येकटी जुळली. आता नाय म्हटलं तर मला झोप लागंल का? आन् घरी आल्यावर आठव्या दिवशी त्येंच्या म्होरनं भरला हंडा नेला. दोन खेपा मुद्दाम जास्तीच्या केल्या."

सोमवारी सकाळी लॅब उघडली तेव्हा पायरीवर नामदेव, शकुंतला आणि अलका बसलेली होती. येवल्याला काय बोलणं झालं ते मला नंतर अलकाने सांगितलं. शकुंतला घरात शिरली, भावासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझं रगत अंगात आलं तर तुला लाज वाटती व्हय रे? मला देताना नाय वाटली." नामदेव रडला. मग तिने गोळ्यांचा डबा काढून पुढ्यात ठेवला आणि तो गिळेपर्यंत हलली नाही.

गोळ्या सुरू झाल्या तरी त्याच्या मनातलं गेलेलं नव्हतं. मी डॉक्टर बर्व्यांशी बोलून ठेवलं होतं. नुसतं सांगून उपयोग नव्हता, दाखवायला हवं होतं. बाईच्या शरीरातल्या पेशींत दोन एक्सपैकी एक मिटून बसलेला असतो. गालाच्या आतून पेशी खरवडून रंग दिला, की पुष्कळ पेशींच्या कडेला तो काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. पुरुषाच्या पेशींत असा ठिपका नसतो. अगदी जुनी, साधी तपासणी. मी लाकडी पट्टीने दोघा भावंडांच्या गालातून पेशी घेतल्या आणि दोन काचा तयार केल्या.

आधी शकुंतलाची लावली. नामदेवला स्टुलावर बसवलं, एक डोळा मिटायला शिकवलं. बारीक नक्षी विणणाऱ्याची नजर ती, त्याला ठिपका लगेच सापडला. "हितं कडंला काळं हाय," तो म्हणाला. आणखी दाखवले, त्याने स्वतःहून सात-आठ शोधले. मग त्याची स्वतःची काच लावली. तो बराच वेळ पाहत राहिला. काच सरकवायची कळ त्याच्या हातात दिली होती, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"नाय दिसत," तो म्हणाला.

"दिसणार नाही. ह्या तुमच्या पेशी आहेत. कातडी तुमची, हाडं तुमची, मिशा तुमच्या. फक्त हाडाच्या आतली मज्जा आणि तिच्यापासून होणारं रक्त आक्काचं."

"म्हंजे गटबी तिचाच?" त्याने विचारलं. "मुंबईला म्हटले होते, तुमचा रगताचा गट बदलंल. मला वाटलं चेष्टा करत्यात."

शकुंतला इतका वेळ मागे उभी होती. तिने तिसरी काच मागितली. नामदेवच्या हाडातली, ज्यावरून हे सगळं झालं ती. मी एक चांगली पसरलेली पेशी शोधून दिली. तिने पाहिलं.

"ह्या माझ्या?"

"तुमच्या. मूळपेशी तुमच्या, त्यांच्यापासून झालेल्या या."

"आजून कामाला हायेत? मला वाटलं, दिल्या त्या दिल्या, रगत झालं, संपलं."

"संपत नाहीत. मूळपेशी दुभागते तेव्हा आधी सगळा मजकूर दोनदा लिहून घेते. मग दोघींना एकेक प्रत. साधारणपणे त्यातली एक तिथेच मूळपेशी म्हणून राहते आणि दुसरी पुढे वाढून रक्त होते."

शकुंतलाने जरा विचार केला. "जावाजावांसारखं. येक घर राखती, येक शेतात जाती."

कॉलेजात मी हा धडा दोन पानांत शिकले होते. त्यानंतर विद्यार्थी लॅब पाहायला आले, की मी शकुंतलाचं वाक्यच सांगत असे.

निघताना मी अलकाची माफी मागितली, खिडकीतून नव्हे, बाहेर बाकापाशी येऊन. ती म्हणाली, "असू द्या मॅडम." त्या ‘असू द्या’त सगळं माफ झालेलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. त्या दिवसापासून आमच्या फॉर्मवर मी शिक्का करून घेतला: ‘मज्जा रोपण झाले आहे का? दाता कोण?’

मिशा आल्या, चार-पाच महिन्यांनी. नामदेव पुढच्या तपासणीला आला तेव्हा त्याने त्यांना तेल लावलं होतं. माग पुन्हा सुरू झाला. दर सहा महिन्यांनी नळी यायची. विसाच्या वीस शकुंतलाच्या. मी रिपोर्ट लिहायची.

मग एका वर्षी, सहाव्या पेशीवर मी थांबले. वाय. आणि आखूड बावीस. विसांतल्या दोन पेशी नामदेवच्या होत्या, रोगासकट. जाळूनही कुठेतरी एखादी मूळपेशी वाचली होती आणि आता दुभागू लागली होती. ती मोजणी मी तीनदा केली. आपलीच मोजणी चुकलेली निघू दे, असं मला नोकरीत एकदाच वाटलं, ते तेव्हा.

या वेळी मी खिडकीतून कोणाला काही बोलले नाही. डॉक्टरांनी नामदेव-अलकाला केबिनमध्ये बसवून सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांनी उपाय काढला, की बहिणीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी पुन्हा द्यायच्या, म्हणजे त्या शिल्लक रोगट पेशींना शोधून मारतील. कांदा काढणीचे दिवस होते. शकुंतलाला विचारायला गेलेल्या अलकाला तिने वाक्य पुरं करू दिलं नाही. "कधी जायचं तेवढं सांग," म्हणाली.

त्या पेशी चढवल्यावर नामदेव दोन महिने पुरळाने आणि जुलाबाने बेजार झाला. पुढची नळी मी हातात घेतली तेव्हा डॉक्टर बर्वे खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. एरवी ते कधी असं करत नसत. मी मोठ्याने मोजत गेले आणि ते कागदावर रेघा मारत गेले. वीस. सगळ्या दोन एक्सवाल्या. "आणखी दहा पाहा," ते म्हणाले. आणखी दहा पाहिल्या. त्याही तिच्याच.

त्यानंतर तपासणी वर्षातून एकदा होऊ लागली. आमच्याकडे संगणक आला, कात्री आणि डिंकाची बाटली कपाटात गेली. मज्जेऐवजी दंडातल्या रक्तावर भागू लागलं. रोगावर गोळी आली, तिच्या रुग्णांच्या नळ्या वाढल्या, आणि नामदेवचा नंबर त्या गर्दीत मला शोधावा लागत नसे.

दोन हजारच्या दशकाचा शेवट जवळ आला होता. नामदेव वार्षिक तपासणीसाठी आला. मी सहज विचारलं, "आक्का कशा आहेत?"

"गेली ना मॅडम. म्हैना झाला." शेतातून घरी येताना शकुंतलाच्या छातीत कळ आली, गाडीत घालून निफाडला नेईपर्यंत संपलं होतं. पन्नाशीच्या आसपासची बाई. कधी तापाने झोपली नव्हती. तो दंड पुढे करून बसून राहिला, लॅबमधल्या मदतनीस मुलीने रक्त काढलं, तो गेला.

त्या आठवड्यात त्याच्या पेशी मी उबेत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी थेंब काचेवर सोडला, रंग दिला आणि पाहिलं. वीस पेशी. चांगल्या पसरलेल्या, दोन एक्सवाल्या, निरोगी. महिन्यापूर्वी जिला अग्नी दिला, तिच्या पेशी परवापर्यंत माझ्या उबेच्या कपाटात दुभागत होत्या. त्या दिवशी मी दुसरी कुठली काच लावली नाही.

रिपोर्ट घ्यायला नामदेव आला तेव्हा बरोबर वैशाली होती, शकुंतलाची मुलगी. आता एकोणीस-वीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, आईसारखीच उंच. डॉक्टरांनी नामदेवला साधी रक्ततपासणीही सांगितली होती, म्हणून मदतनीस मुलीने पुन्हा थोडं रक्त काढलं आणि दंडावर कापूस दाबून धरायला दिला. वैशाली म्हणाली, "मॅडम, मामा म्हणतो तुम्ही दाखवता."

मी काच लावली. पेशी मध्यभागी आणली, बाजूला झाले. ती स्टुलावर बसली. तिला एक डोळा मिटायला सांगावं लागलं नाही. बराच वेळ ती हलली नाही. मी बाहेरचे दोन रिपोर्ट देऊन परत आले, तरी ती तशीच होती.

"हे एक्स?" तिने विचारलं.

"तो एक आणि डावीकडे खाली, तो दुसरा."

"यातला एक माझ्यात आहे ना?"

"तुमच्या दोन एक्सपैकी एक आईकडूनच आला." मी थोडं थांबून खरं तेही सांगितलं, की मुलीला देताना आई आपल्या दोन्ही एक्सचे तुकडे मिसळून नवा एक बनवून देते. "तुमच्याकडे आलाय तो मिसळलेला. हे दोन मात्र त्यांचे जसेच्या तसे आहेत."

"किती दिवस राहतील?"

"मामा आहेत तोवर."

ती उठली आणि नामदेवकडे गेली. त्याने दंडावरचा कापूस काढला होता आणि कुठे टाकावा म्हणून इकडेतिकडे पाहत होता. रक्ताचा तुरीएवढा ठिपका त्यावर होता. आमच्याकडे असा कापूस लाल झाकणाच्या डब्यातच जायला हवा, त्यावरून मी कित्येक जणींना बोलले आहे. वैशालीने तो त्याच्या हातातून घेतला, आपल्या रुमालात नीट घडी करून ठेवला आणि रुमाल पर्समध्ये टाकला. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

मी नामदेवचा रिपोर्ट पाकिटात घालत होते. पाकीट चिकटवायला मी बराच वेळ लावला.